मातोश्रींची सीट

महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी सकाळी, घुग्घुसच्या एका गल्लीत, माझ्या साडूची पिकअप मागच्या दोन चाकांवर उभी राहिली. पुढची चाके जमिनीपासून हातभर वर होती. स्टिअरिंगवर साडू होता आणि शेजारच्या सीटवर त्याच्या मातोश्री. मी समोर, माझ्या नव्या मोटारीला टेकून उभा होतो. बातमीदारीत अपघात बरेच पाहिले. पण आकाशाकडे तोंड केलेल्या गाडीच्या काचेतून हात जोडणारी म्हातारी त्याआधी पाहिली नव्हती.

माझ्या साडूइतका भंगारवाल्यांचा शत्रू चंद्रपूर जिल्ह्यात दुसरा नसेल. कोळसा खाणीच्या वर्कशॉपमध्ये तो फिटर होता. निवृत्तीनंतर वर्कशॉप घरी आले. त्याच्याकडे कोणतीही वस्तू मरत नाही, फक्त तिची बदली होते. लग्नात मिळालेल्या लोखंडी कपाटात आज कोंबड्या राहतात आणि रात्री त्याला कुलूपही लागते. एकदा मी मोडकी छत्री त्याच्याकडे विसरलो. पुढच्या भेटीत तिच्या काड्यांवर कारल्याचा वेल चढला होता आणि दांडा माझ्या मेहुणीच्या कुकरला बसला होता. "छत्री कुठे आहे?" असे मी विचारले, तर म्हणाला, "आहे ना भाऊ, कामावर आहे."

पिकअप मात्र त्याने मातोश्रींसाठी राखली होती. मातोश्रींचे गुडघे वाकत नाहीत आणि त्यांचा तंबाखू-सुपारीचा खर्रा सुटत नाही. म्हणून त्याने डाव्या दाराखाली बुटकी पायरी जोडली, आत धरायला पितळी दांडा लावला आणि दारातून थुंकण्यासाठी एक नळी बाहेर काढली. काच उतरवायची नाही, मान बाहेर काढायची नाही; नळीला तोंड लावायचे, पुढचे काम उतार करतो. दर महाशिवरात्रीला त्या याच सीटवर बसून मार्कंड्याच्या महादेवाला जात. दुसऱ्या गाडीत त्यांनी पाय ठेवल्याचे कोणाला आठवत नाही.

त्या हिवाळ्यात, कोळशाच्या ट्रकांनी उखडलेल्या रस्त्यावर, पिकअपची गंजलेली चेसी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, मधोमध मोडली. मातोश्रींनी निकाल दिला, "मले तेच सीट पाह्यजे. नाई तं महादेवाले इथूनच हात जोडतो. अन् यंदा नाई म्हणजे मंग नाईच." डॉक्टरांनी त्यांच्या छातीबद्दल जे सांगितले होते, ते घरात सर्वांना ठाऊक होते. साडूने एका जुन्या जीपची चेसी इंजिनासकट आणली. मी गेलो तेव्हा पिकअपची बॉडी अंगणातल्या कडुनिंबाला साखळीने टांगलेली होती आणि तिच्या खाली बसून तो शांतपणे चहा पीत होता.

"अरे, कागदावर गाडी म्हणजे चेसी. हे बेकायदा आहे," मी म्हणालो.

"कागदाले चेसी लागते भाऊ, माह्या आईले सीट लागते."

जीपची चेसी आखूड, पिकअपची बॉडी लांब. मागचा सामानाचा डाला चाकांच्या बराच मागे लोंबत होता. साडूने वाळूची पोती केबिनला टेकवून रचली आणि गल्लीत फेरी मारून चाचणी घेतली. गाडी नीट चालली. पण पोती ठेवल्या जागी राहतात, आपल्याकडची माणसे राहत नाहीत. डाल्यात चढलेला माणूस वाऱ्यासाठी शेवटच्या काठावरच बसतो, पाय बाहेर सोडून. जत्रेला निघालेले सगळे नातलग तसेच ओळीने बसले. शेवटी मेहुणीने तांदळाचे पोते चढवले.

त्या वजनाने डाला खाली बसला आणि गाडीचे तोंड वर उठले. मग केबिनमधून साडूचा आवाज आला, "कोनी उतरू नका रे! आई आपटन!" सगळे जण श्वास रोखून, बसल्या बसल्या, एकेक वीत केबिनकडे सरकले. चाके हळूहळू खाली टेकली. तेवढ्यात मातोश्रींनी विचारले, "काऊन रे, कळस इथूनच दाखवून राह्यला काय?"

साडूने चावी काढली. मेहुणी म्हणाली, "हे गाडी पुन्हा निघाली, तं मी माहेरी निघाली." त्याने चावी खिशात टाकली आणि हत्यारांची पेटी उघडली. मातोश्रींना आम्ही ओट्यावर बसवले, पण दुसऱ्या सीटवर बसायला त्या तयार नव्हत्या. मी आत जाऊन पाणी प्यालो. कॉटवर जरा पडलो, तर डोळा लागला.

बाहेरच्या ड्रिल मशीनच्या आवाजाने जाग आली. मी धावलो. माझ्या नव्या मोटारीच्या डाव्या दाराला भोक पडले होते. पायरी खाली जोडून झाली होती, पितळी दांडा साडूच्या काखेत होता. आतली सीट अंगणात पडली होती आणि तिच्या जागी पिकअपची सीट बसली होती.

"इचारलं असतं, तं तू नाई म्हटलं असतं भाऊ," तो म्हणाला. मग आईकडे वळला, "चाल, तुही सीट तिकडं गेली."

दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत मातोश्री मार्कंड्याला पोहोचल्या. बेल वाहिला, वैनगंगेत पाय बुडवले. मोटार मी चालवली. परतताना वाटभर नळी चालू होती.

पुढच्या महाशिवरात्रीला त्या नव्हत्या. पिकअपची केबिन साडूच्या अंगणात विटांवर ठेवलेली आहे. मोटार मी विकलेली नाही. मागच्या महिन्यात साडू आला होता. त्याने नळी साबणाने धुतली, फडक्याने पुसली आणि तिच्या तोंडाला रबरी बूच लावले.