पॅटर्न : एएस

मशीन बिघडलेलं नव्हतं. तोच नमुना मी तिसऱ्यांदा लावला होता आणि तिसऱ्यांदा तेच आकडे आले होते. हिमोग्लोबिन साडेदहा. तांबड्या पेशी आकाराने फारच लहान, पण संख्येने भरपूर.

फोनवर स्त्रीरोगतज्ज्ञ बाई होत्या. "दोन वर्षं लोहाच्या गोळ्या खातेय ही मुलगी. आता गरोदरपणाचा दहावा आठवडा चालू आहे, आणि हिमोग्लोबिन जागचं हलत नाही. गोळ्या तुमच्याच रिपोर्टवरून सुरू झाल्या. आपण रिपोर्ट वाचता, की नुसती सही करता?"

सदाशिव पेठेत माझी पॅथॉलॉजी लॅब आहे. असे टोमणे आमच्याकडे चहाबरोबर येतात. पण हा लागला, कारण जुना रिपोर्ट कॉम्प्युटरवर समोरच होता. आकडे जवळपास हेच. खाली माझा शेरा : 'लोहाची कमतरता संभवते.' त्याखाली माझी सही.

लोह कमी पडलं की शरीर पेशी लहान बनवतं, आणि कमीही बनवतं. माल नसेल तर उत्पादन कुठून होणार? पण पेशी लहान असूनही संख्या भरपूर असेल, तर शंका वेगळ्याच गोष्टीची घ्यायची असते : थॅलेसेमिया मायनर. हिमोग्लोबिनचा एक भाग बनवणाऱ्या जनुकाची एक प्रत आईकडून येते, एक वडिलांकडून. त्यातली एक अधू असली की मायनर. माणूस त्यावर आयुष्य धडपणे काढतो. ही शंका यायला पेशीच्या आकाराला संख्येने भागावं लागतं, इतकंच. शाळेतला भागाकार. मी तो केला नव्हता.

हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी तपासणी लावली. त्या मुलीला, स्वप्नालीला, थॅलेसेमिया मायनर होता. आता नवऱ्याचं रक्त बघणं भाग होतं. मी तिघांना बोलावून घेतलं : स्वप्नाली, तिचा नवरा प्रफुल्ल आणि तिचे वडील, धायरीचे नाना.

नानांना मी ओळखत होतो. दोन वर्षांपूर्वी तेच पोरीला आणि होणाऱ्या जावयाला घेऊन आले होते. दोघं हडपसरला एका कंपनीत कामाला. प्रफुल्ल गडचिरोलीकडचा. नानांनी कसाबसा होकार दिला होता, पण गुरुजींनी पत्रिका बघून एकनाड काढली. एकनाड म्हणजे रक्तगट एकच, अशी आपल्याकडे समजूत आहे. तिला कसलाच आधार नाही. मी तेव्हा हसून दोघांचे गट तपासले. पोरगी फिकट दिसते म्हणून तिच्या रक्तपेशींचा काउंटही केला. गट वेगळे निघाले. मी म्हणालो, "नाना, नाडीचं विसरा. बिनघोर लग्न करा."

नानांनी आल्या आल्या तेच काढलं. "डॉक्टर, तुमीच म्हनला हुता, बिनघोर करा."

मी मान खाली घातली आणि प्रफुल्लला विचारलं, "तुमची कधी हिमोग्लोबिनची तपासणी झाली आहे?"

"झाली ना सर. शाळेतच. माझा एएस पॅटर्न आहे."

"काय?"

"एएस. म्हणजे सिकलसेल आजाराचा वाहक. आमच्याकडे सगळ्यांना माहीत असतो आपापला पॅटर्न. तुमच्या फॉर्मवर लिहिला होता मी तेव्हा."

मी फाइल काढायला लावली. फॉर्म निघाला. 'इतर माहिती' या रकान्यात स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं : पॅटर्न – एएस.

आमच्या पेठेत पॅटर्न म्हणजे स्पर्धा परीक्षेचा. रिसेप्शनवरच्या कुलकर्णी बाईंनी तेव्हा मला विचारलंही होतं, "डॉक्टर, हे कुठल्या परीक्षेचं आहे हो?" मी म्हणालो होतो, "सोडून द्या, कंपनीचं काहीतरी असेल." गडचिरोलीतल्या शाळकरी पोरांना कळणारा शब्द मला, एमडी झालेल्या माणसाला, ओळखता आला नव्हता. विचारावंसंही वाटलं नव्हतं.

आता प्रश्न बाळाचा होता. वडिलांचा सिकल आणि आईचा थॅलेसेमिया दोन्ही एकाच मुलात आले, तर मूल वाहक राहत नाही, आजारी होतं. वारंवार वेदना, पुन्हापुन्हा हॉस्पिटल. शक्यता चारात एक. लग्नाआधी मी हे सांगितलं असतं तर दोघांनी विचार करून पावलं टाकली असती. आता गर्भाबद्दल ठरवायला हातात थोडेच दिवस होते.

मी सगळं सांगितलं. माझी चूकही सांगितली, शब्द न फिरवता.

नानांनी तो फॉर्म हातात घेऊन उलटसुलट पाहिला. मग म्हणाले, "चूक कबूल करनारा डॉक्टर पयल्यांदा बघितला. पर माज्या लेकीला त्येचा काय उपेग?"

मी प्रफुल्लचं रक्त घेतलं. मशीनवर खात्री होणारच होती, तरी एक स्लाइडही केली. रक्तातला ऑक्सिजन काढून घेणारं औषध थेंबात मिसळायचं, वर काच ठेवून कडा बंद करायच्या आणि थांबायचं. अर्ध्या तासाने मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. आधी गोल, गुबगुबीत तबकड्या होत्या. मग एकीचं टोक ओढलं गेलं. मग दुसरीचं. बघता बघता भिंगाखाली सगळीकडे कोयऱ्या झाल्या. तीस वर्षांत कितीदा पाहिलंय, पण अंगावर काटा येतोच. जनुकाच्या एवढ्या लांबलचक मजकुरात एक अक्षर बदललेलं असतं. एकच.

प्रफुल्लने पाहिलं. नानांनीही वाकून पाहिलं. "ह्यो तर विळा हाय," ते हळूच म्हणाले.

"आमच्या आजोबांच्या वेळी हिवतापाने गावंच्या गावं झोपायची," प्रफुल्ल म्हणाला.

मी सांगितलं, "हा विळा होता म्हणूनच तुमच्या घरातलं कुणीतरी वाचलं असेल. हिवतापाचा जंतू तांबड्या पेशीत वाढतो. वाहकाच्या पेशीत त्याला नीट वाढता येत नाही. स्वप्नालीच्या लहान पेशीही बहुतेक त्याच तापावरचा तोडगा आहेत."

बोलताना माझंच बोलणं मला नव्याने ऐकू आलं. दोन मुलखांतल्या माणसांच्या रक्ताने एकाच तापाला दोन वेगळी उत्तरं शोधली. कुठे न लिहिता, कुणाला न विचारता. पिढ्यान्‌पिढ्या जपलेली ती उत्तरं माझ्या लॅबमध्ये एकाच बाकावर येऊन बसली होती. आणि मी त्यातल्या एकावर लोहाच्या गोळ्या लिहायला लावल्या होत्या.

"मग बाळाला?" स्वप्नालीने विचारलं. तिला आजोबांचं कौतुक नको होतं.

त्याच आठवड्यात दोघांची जनुकतपासणी झाली. मग वारेचा लहानसा तुकडा घेऊन बाळाची. वाट बघायचे दिवस मी रोज स्वप्नालीला फोन करत होतो. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "सर, रिपोर्ट आल्यावरच करा ना."

रिपोर्ट आला. बाळाने आईची चांगली प्रत उचलली होती आणि बापाचा सिकल. आजार नाही. नुसता वाहक. मी फोन केला तर स्वप्नालीने ऐकून तो नानांच्या हातात दिला. "सुटलो म्हना की," ते म्हणाले. "पर ह्यात तुमचं काय न्हाई हां डॉक्टर. त्ये पोरीचं नशीब."

खरं होतं ते.

मुलगी झाली. तीन महिन्यांपूर्वी कुठल्याशा तापासाठी तिला आणलं होतं. आमच्या फॉर्मवर आता वेगळा रकाना आहे. प्रफुल्लने न विचारता भरला : पॅटर्न – एएस. कुलकर्णी बाईंनी तो मोठ्याने वाचला आणि माझ्याकडे बघितलं.

फॉर्म वाचून मग सही करायची, एवढंच मी शिकलो. तो जुना रिपोर्ट टेबलाच्या काचेखाली ठेवलाय. सही वळणदार आहे. घाईत केल्यासारखी वाटतसुद्धा नाही.