मॅडमनं काय शिकवलं?

छोटीची आई साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी राहिली आणि म्हणाली, ''मले काही माहीत नाई. पोलिसांनी काय लिवलं ते त्यायले ठाऊक.'' झालं. माझी केस तिथंच अर्धी मेली.

सरकारी पक्षाचा साक्षीदार असा उलटला की आम्ही त्याला फितूर म्हणतो. मी वर्ध्याच्या कोर्टात पोक्सोच्या केसेस चालवते. लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचारासाठी जो कायदा आहे, तो पोक्सो. सरकारतर्फे, म्हणजे खरं तर लेकराच्या बाजूनं, मी उभी राहते. फितूर साक्षीदार मला नवे नाहीत. शेजारी फुटतात, पंचनाम्याचे पंच तर चहाच्या कपावर फुटतात. पण ज्या बाईनं स्वतः पोलीस स्टेशनला जाऊन तक्रार दिली, तीच फुटली की डोक्यात तिडीक जाते.

व्हरांड्यात तिला गाठलं. ''काऊन असं केलं बाई? पोरगी तुझी आहे ना?''

ती मान खाली घालून पदराशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, ''मॅडम, आमचं घर त्याच्याच जागेवर हाय. छोटीचा बाप त्याचाच ट्रॅक्टर चालवते. आम्ही कुठी जाव?''

राग होताच, पण तो कोणावर काढावा ते कळेना.

तो म्हणजे आरोपी. कारंजा तालुक्यातल्या एका खेड्यातला पिठाच्या चक्कीचा मालक. गावात वजन, कोणाच्याही लग्नात पुढच्या खुर्चीवर. छोटी नऊ वर्षांची. तिचं खरं नाव मी लिहिणार नाही, कायद्यानं ते लिहिताच येत नाही. दळण आणायला ती एकटीच जायची. चक्कीच्या मागच्या खोलीत त्यानं जे केलं तेही इथं लिहीत नाही. एवढंच सांगते, तो अंगावर खूण राहणारा प्रकार नव्हता. म्हणजे डॉक्टरी रिपोर्टात काही सापडणार नव्हतं. पाहणारं कोणी नव्हतं. आई फुटली. उरली फक्त छोटी. तिच्यावर विश्वास बसला तर तो आत, नाही तर तो हार घालून गावात परत, आणि ही पोरगी जन्मभर खोटारडी.

आमच्या सरांनी, म्हणजे माझ्या वरिष्ठ सरकारी वकिलांनी, केबिनमध्ये बोलावलं.

''पोरीला उभी करता?''

''करते सर.''

''आई फुटली, ती पण फुटणार. समोर नागपूरचा वकील आहे, सोलून काढेल तिला. कशाला त्या लेकराचे हाल?''

''हाल व्हायचे ते झाले सर. आता निदान कोणी ऐकून तरी घेऊ द्या.''

''हट्टी आहात,'' सर म्हणाले. ते रोजच म्हणतात.

साक्षीच्या आदल्या दिवशी मी छोटीला रिकाम्या कोर्टात नेऊन आणलं. जजसाहेब कुठे बसतात, तू कुठे बसशील, हा पडदा कशाला, सगळं दाखवलं. पोक्सोत लेकराला आरोपीचं तोंड पाहावं लागत नाही, म्हणून मध्ये पडदा. आणि वकिलानं थेट तिच्यावर ओरडायचं नाही. त्यानं प्रश्न जजसाहेबांना सांगायचा, ते तिला विचारणार. कायद्यात शहाणपणाच्या गोष्टी फार थोड्या आहेत. ही त्यातली एक.

दुसऱ्या दिवशी छोटी बोलली. हळू, पण सरळ. ''दळण झालतं, तरी तो डब्बा देऊन नाई राह्यला. मंग म्हणे डब्बा मांगच्या खोलीत हाय, घेऊन जा.'' पुढचंही सांगितलं. मध्ये एकदा थांबली, पाणी मागितलं, प्याली, परत बोलली. सरकारी वकिलानं कोर्टात रडायचं नसतं. मी उगाच फाइल चाळली.

मग उलटतपासणी. नागपूरवाले वकील काही कच्चे नव्हते. त्यांनी एक मऊ प्रश्न दिला. जजसाहेबांनी तिला विचारलं, ''काल मॅडमनं तुला इथं आणलं होतं?''

''हो.''

''काय बोलायचं ते मॅडमनं शिकवलं?''

''हो, शिकवलं ना.''

वकीलसाहेब खाली बसले. ''एवढंच, साहेब.'' जेवण आटोपून बडीशेप चघळणाऱ्या माणसासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पढवलेला साक्षीदार म्हटला की केस संपली. मोठा माणूस इथं साफ नाही म्हणाला असता. शिकवलं असलं तरी नाही म्हणाला असता. छोटीला खोटं बोलता येत नव्हतं, हीच तिची चूक. मागच्या बाकावर आमचे सर पंख्याकडे बघत बसले.

मी उठले. उलटतपासणीत गोंधळ झाला तर तेवढ्यापुरतं परत विचारता येतं. पण वकिलीत आम्हाला घोकून घोकून सांगतात, उत्तर ठाऊक नसेल तो प्रश्न विचारू नका. मी काय सांगितलं ते मला ठाऊक होतं. त्यातलं तिच्या डोक्यात काय राहिलं, देव जाणे. तरी म्हटलं, ''साहेब, मी काय शिकवलं तेही तिला विचारावं.''

''ऑब्जेक्शन!'' नागपूरवाले ताडकन उठले.

''शिकवलं, हे तुम्हीच वदवून घेतलं वकीलसाहेब,'' जजसाहेब म्हणाले. ''आता काय शिकवलं ते ऐकू या. सांग बेटा.''

छोटीनं शाळेत कविता म्हणतात तसे हात मागे बांधले. ''मॅडम म्हणे, समजलं नाई तर समजलं नाई म्हणजो. आठवलं नाई तर आठवत नाई म्हणजो. मनानं लावून काही सांगू नोको. पाणी लागलं तर मांगजो. अन् म्हणे, काय झालं ते मले नोको सांगू, जजसाहेबाले सांगजो.''

''मग आज तू जे सांगितलं, ते तुला कोणी शिकवलं?'' हा प्रश्न जजसाहेबांनी स्वतःच विचारला.

छोटी त्यांच्याकडे बघतच राहिली. इतक्या मोठ्या माणसाला एवढं कळू नये, असं तिला वाटलं असावं. ''ते कोण शिकवीन?'' ती म्हणाली. ''ते तं माह्या संग झालं.''

टायपिंगचा आवाज थांबला. जजसाहेब टायपिस्टला म्हणाले, ''तिच्याच शब्दांत घ्या.'' नागपूरवाल्यांनी फाइलचा नाडा बांधायला घेतला आणि मान वर केली नाही.

त्याला शिक्षा झाली, सक्तमजुरीची. निकालापर्यंत छोटीच्या बापानं ट्रॅक्टर सोडला होता आणि ते सेवाग्रामकडे खोली करून राहायला आले होते. निकालाच्या दिवशी माय-लेकी दोघीही आल्या. निकाल इंग्रजीत होता, म्हणून मी छोटीला पायऱ्यांवर बसवून सोप्या भाषेत सांगितलं, ''जजसाहेबांनी लिहिलं आहे की तू खरं बोललीस.''

ती आईकडे न पाहता म्हणाली, ''मंग आईले सांगा.''

आई दोन हात अंतरावर उभी होती. तिनं शेजारी बसून पोरीला पोटाशी ओढलं. मला म्हणाली, ''मले माहीत होतं मॅडम. पयल्या दिवशीच माहीत होतं.'' माफ करायचं की नाही, हे छोटीनं ठरवायचं होतं.

या नोकरीत अभिमानानं सांगावं असं रोज काही घडत नाही. ही केस मी अभिमानानं सांगते. आणि आता साक्षीच्या आदल्या दिवशी प्रत्येक लेकराला एक गोष्ट जास्तीची सांगते. मॅडमनं शिकवलं का, असं कोणी विचारलं तर बिनधास्त हो म्हणजो.