केडगावचं पिवळं आकाश

केडगावात पुणे रस्त्याच्या मागच्या गल्लीत नूरमहंमद यांचं दुकान आहे. पाटीवर ‘रेडिओ, टेप, टीव्ही’ असं लिहिलंय. यातलं आता काहीच दुरुस्तीला येत नाही. येतात ते व्हिडिओ गेमचे बोर्ड, नाणं टाकून खेळायच्या कपाटाएवढ्या जुन्या मशिनींचे. जत्रांत आणि आठवडे बाजारांत या मशिनी अजून तग धरून आहेत. खेळणारे चाळिशी उलटलेले असतात; घरी पोरांच्या हातातला मोबाईल काढून घेतात आणि मग इथे येतात.

काष्टीच्या बाजारात रंगनाथच्या पत्र्याच्या शेडमध्ये अशीच एक मशीन आहे. गेम साधा. एक पहिलवान रस्त्यानं चालतो आणि भेटेल त्या गुंडाला बडवतो. यंदा या पहिलवानाच्या चिरफाळ्या झाल्या. डोकं एकीकडे, पाय दुसरीकडे, मध्ये नुसत्या रेघा. गुंडांचंही तेच. कोण कोणाला मारतंय ते कळेना. रंगनाथनं बोर्ड गोणपाटात गुंडाळला आणि केडगाव गाठलं.

नूरमहंमद बोर्डाला लगेच हात लावत नाहीत. त्यांनी तो दुकानातल्या मॉनिटरला जोडला आणि चहा येईपर्यंत नुसतं चित्र बघितलं.

“मागची घरं शाबूत. वरचे आकडे शाबूत. फक्त हलणारी माणसं तुटलीत,” ते म्हणाले. “म्हणजे अर्धा बोर्ड निर्दोष.”

घरं रंगवणारा भाग वेगळा असतो, माणसं रंगवणारा वेगळा. नूरमहंमद निर्दोषाला कधी त्रास देत नाहीत. संशयित अर्ध्या भागातल्या एकेका चिपवर ते बोट टेकवत गेले. एक चिप तव्यावरच्या भाकरीसारखी तापलेली निघाली. तिच्या पाठीवर त्यांनी त्याच नंबरची चांगली चिप पायाला पाय लावून दाबून धरली, आणि पहिलवान एकसंध होऊन उभा राहिला. गुन्हा शाबीत झाला. जुनी चिप उपसली, नवी बसवली. एवढ्या वेळात आपल्याकडे कुठल्याही कचेरीत साहेब जागेवर आहेत का, एवढंच कळतं.

रंगनाथ गोणपाट झटकून उठला.

“बस. आकाश बरोबर नाही,” नूरमहंमद म्हणाले.

“काय झालं आकाशाला?”

“पिवळट मारतंय. निळा कमी येतोय.”

“चाचा, आकाश कोन बघतंय? गुंड मारायचे हायती.”

“मी बघतो.”

नूरमहंमद यांचा एकच नियम आहे: एका वेळी एकच वस्तू बदलायची. त्यांनी निळ्या रंगाच्या वाटेवरचे भाग एकेक करून बदलले. आकाश पिवळट. मग रंगनाथचा बोर्ड काढून स्वतःचा, नमुना म्हणून जपलेला बोर्ड लावला. त्याचंही आकाश पिवळट. म्हणजे मॉनिटर. माळ्यावर एक मॉनिटर खोक्यात पडून होता, त्याची ट्यूब एकदाही पेटलेली नव्हती. तो उतरवला. नव्या कोऱ्या ट्यूबमध्येही आकाश पिवळंच.

सगळं बदलून झालं होतं. न बदललेली एकच वस्तू उरली होती, आणि ती स्टुलावर बसली होती.

नूरमहंमद स्टुलावरून उठले. मग त्यांनी आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारली. त्यांच्या पत्नी मुबारकबी पदराला हात पुसत आल्या.

“हे आकाश कसलं दिसतंय?”

“निळं. मोरपिसासारखं. का?”

नूरमहंमद यांनी ही साक्ष राखून ठेवली. ‘डोळे दाखवून घ्या’ हे मुबारकबी दोन वर्षं सांगत होत्या, त्यामुळे त्या या प्रकरणात तटस्थ नव्हत्या. मग नूरमहंमद यांनी रंगनाथकडे बघितलं.

“निळंच हाय की, चाचा. लई निळं. आन् आमच्या मशिनीत तर याहून निळं. तुमी मागल्या वर्षी मॉनिटर नीट करून दिला, तवापासून पहिलवानाचं तोंडबी निळं हाय.”

“तोंड?”

“व्हय. गुंडांचीबी. समद्यांचीच.”

नूरमहंमद यांच्या हातातला पेचकस खाली आला. जुन्या ट्यूबचा निळा उतरतो, हे खरंच असतं. गेली दोन वर्षं आलेल्या प्रत्येक मॉनिटरचा निळा उतरलेला दिसत होता आणि ते तो इमानदारीनं चढवून देत होते.

“वर्षभर मला कोणी बोललं का नाही?”

“तुमी केलंय म्हटल्यावर कोन बोलंल?” रंगनाथ म्हणाला. त्याला ही तारीफ वाटत होती.

“मोतीबिंदू,” मुबारकबी म्हणाल्या. त्यांनी हा शब्द फार दिवस तयार ठेवला होता. “डॉक्टरकडं चला म्हटलं, तर म्हणायचे, आधी फॉल्ट सिद्ध कर.”

“झाला सिद्ध,” नूरमहंमद म्हणाले.

नामांकित माणसं चूक कबूल करायला सहसा दुसऱ्याचं नाव शोधतात. यांनी डॉक्टरांचा पत्ता शोधला. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर ते पहिल्यांदा स्टुलावर बसले ते नुसते आलटूनपालटून एकेक डोळा झाकत. उजव्यानं निळं, डाव्यानं पिवळं. डावा लगेच करायचा नाही म्हणून डॉक्टरांनी बजावलंच होतं. तुलनेला नमुना राहील म्हणून नूरमहंमद यांचीही हरकत नव्हती.

डॉक्टरांनी प्रवासाला परवानगी दिली, तेव्हा प्लास्टिकचा पेचकस खिशात घालून ते एसटीनं निघाले. दोन वर्षांत ज्यांचे मॉनिटर हातून गेले होते, त्या प्रत्येकाच्या दारात उभं राहून ते एकच वाक्य म्हणायचे: “माझ्याकडून निळा जास्त झालाय, कमी करायचाय.” बहुतेकांना गुन्हाच माहीत नव्हता, त्यामुळे माफीचं काय करायचं ते कळेना. सगळ्यांनी चहा दिला.

काष्टीला पोचले तेव्हा बाजार भरात होता. मशिनीपुढं अमृत नावाचा एक दूधवाला निळ्या तोंडाच्या पहिलवानाला घेऊन गुंड आडवे करत होता. त्याचा डाव संपेपर्यंत नूरमहंमद थांबले. मग मागचं झाकण उघडून, समोर टेकवलेल्या आरशात पडदा बघत, त्यांनी निळा हळूहळू उतरवला. पहिलवानाचं तोंड गव्हाळ झालं.

“आरं रंगनाथ,” अमृत ओरडला, “ह्यो कोन म्हातारा? चांगला चालला हुता, बिघडवला की!”

“गप ए, नूरचाचा हायती ते.”

“आसतील. पन रंग गेला न्हवं?”

“गेला,” नूरमहंमद म्हणाले. “आता परत काही चुकलं तर असंच मला तोंडावर सांगत जा.”

झाकण लावून ते अमृतच्या शेजारी येऊन उभे राहिले. अमृतनं कुरकुरत दुसरं नाणं टाकलं. पहिलवान चालू लागला, गुंड पडू लागले. नूरमहंमद यांचं तिकडे लक्ष नव्हतं. डावा डोळा हातानं झाकून ते घरांच्या वरचं आकाश बघत होते.