वर चांगला लावायचा नाय

आमच्या आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूला, टमाट्याचं कॅरेट भरताना बघावं. वरच्या थराला लालबुंद, एकसारखी, नवरीवाणी नटवलेली टमाटी. पोटात मात्र बारीक, डागी, सगळी गरीब भावकी. हर्राशीत, म्हणजे लिलावात, व्यापारी वरूनच बघतो, ही त्यांची जन्माची खात्री. व्यापारी तरी कुठं कच्चा? तो पोटातला माल धरूनच भाव बोलायचा.

मग आम्ही गंगापूरकडच्या बायकांनी गट केला. शहरात छावणीपलीकडं गोदाम असलेल्या एका नव्या कंपनीनं मोबाईलवरून पहिली ऑर्डर दिली. आमचे हे म्हणाले, "एक गाडी पाठवून बघा. माल परत आला तर गट-बिट बंद, गपचूप मार्केटला घालायचा." झालं! गटाची सेक्रेटरी मी.

तोडणीच्या दिवशी आत्याबाईंना दहादा बजावलं, "वर चांगला माल लावायचा नाय बरं का!"

"व्हय गं बाई. बहिरी हाय का मी?"

हट्टानं त्याही गाडीत बसून आल्या. गोदामातल्या पोरीनं त्यांचं पहिलं कॅरेट उघडलं अन् माझे डोळेच पांढरे झाले. वर सगळा डागी माल! दुसरं उघडलं, तेच.

"ताई, हे काय आणलंय?" पोरगी म्हणाली.

मी आत्याबाईंकडं खाऊ का गिळू असं बघितलं. त्या मात्र निवांत. "तूच म्हणलीस ना, वर चांगला लावू नको. खाली घातला की समदा."

अगं आई गं! मी तिथंच कॅरेट टेबलावर पालथं केलं. वरचा एक थर सोडला तर खाली लई देखणा माल. पोरगी पोट धरून हसली. "लोक खराब लपवतात आज्जी, तुम्ही चांगला लपवला!" तेवढा थर बाजूला काढला, बाकी सगळी गाडी घेतली. माझा जीव भांड्यात पडला.

"शेतकऱ्याचं नाव?" तिनं विचारलं. सवयीनं मी मामांचं, सासऱ्यांचं, सांगू लागले.

"त्यांनी एक तरी टमाटं निवडलंय का?" आत्याबाई कडाडल्या. "माझं लिही." अन् त्यांनी खणखणीत आवाजात स्वतःचं नाव सांगितलं. मला या घरात येऊन बारा वर्षं झालीत. त्यांच्या तोंडून ते मी पहिल्यांदाच ऐकलं. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

पोरगी लिहायला लागली तशा आत्याबाई कागदावर वाकल्या.

"अन् वर लिही गं. खाली नको."