संघमित्राताईची डिस्क

संघमित्राताई हार्डडिस्क कधी सरळ उपटत नसे. आधी कॉम्प्युटरला सांगायची, मग डिस्कवर तळहात ठेवून आतली घरघर थांबेपर्यंत बसून राहायची. समोर गिऱ्हाईक कितीही तणतणत असो. "थांब ना बापा, थे लिहून राह्यली अजून," म्हणायची. दारव्ह्यात तिचं लग्नाच्या व्हिडिओ मिक्सिंगचं दुकान होतं आणि शेजारी माझं झेरॉक्सचं. आता ती पुण्याला मुलीकडे असते. तिच्या या सोहळ्याची मी भरपूर टिंगल केली आहे.

एका बाजाराच्या दिवशी महादेवकाका आले. त्यांच्या माधुरीचं लग्न ताईनेच मिक्स केलं होतं. माधुरी बाळंतपणात गेली. लग्नाची डीव्हीडी सासरी राहिली आणि सासरचे फोन उचलेनात. उरलेली एकच प्रत ताईच्या डिस्कवर. ती पेनड्राइव्हवर उतरत असताना बाहेर काकांच्या गावची जीप भरली आणि ड्रायव्हरने हॉर्नवर हात ठेवला. ताई नेमकी पाणी आणायला आत गेली होती. काकांनी घाईघाईत पेनड्राइव्ह हिलाच असेल असं समजून एक वायर ओढली, ती निघाली डिस्कची. डिस्क टेबलावरून खाली पडली.

त्यानंतर ती उघडलीच नाही. पेनड्राइव्हवरची अर्धवट फाइलही चालेना. ताईने डिस्क यवतमाळला नेली, नागपूरला पाठवली; सगळ्यांनी हात वर केले. काका दर बाजाराला येऊन दारातच उभे राहत.

"निघालं का काही?"

"पाहून राह्यली काका."

मी एकदा चिडून म्हणालो, सांगून टाक ना त्यांना. "कोन्या तोंडानं सांगू?" ती म्हणाली. खरं तर मलाही ते जमलं नसतं.

शेवटी काकाच म्हणाले, "राहू दे बाई. तूनं तं पाह्यलं हाय. तूच सांग मले."

ताईने सांगितलं. मिक्सिंग करताना ते लग्न तिच्या डोळ्यांखालून किती वेळा गेलं होतं! माधुरीच्या कानामागे राहिलेली हळद, मंडपात मामेभावाला चिमटा काढून तिचं साळसूदपणे बसणं, सगळं तिला पाठ होतं. काका डोळे मिटून ऐकत होते. मी शेजारी झेरॉक्सचं मशीन बंद करून ठेवलं.

"मंग बिदाई," ताई म्हणाली. "थे तुमच्या गळ्यात पडली."

"तवा माह्या कानाशी काही बोलली थे. बँडात मले ऐकूच नाही आलं. कॅमेरावाला जवळच होता. काय बोलली वं?"

ताईचा चेहरा उतरला. "काका, बिदाईवर आमी गाणं टाकतो. खालचा आवाज बंद करून. मी ऐकलंच नाही. अन् मूळ शूटिंग डिस्कवर जागा कराले तवाच पुसलं."

"म्हणजे डिस्क चालली असती, तरी?"

"तरी नसतं आलं ऐकू."

काकांनी आपल्या हाताकडे पाहिलं. "मंग माह्या हातानं नाही गेलं थे," ते म्हणाले.

ताईला हो म्हणवेना, नाहीही म्हणवेना.