चालू: एकोणीस दिवस

ऑफिसात त्याला सगळे वैद्यबुवा म्हणायचे. कुणाचाही कॉम्प्युटर रुसला, की हा पडद्यावरच्या काळ्या खिडकीत एका शब्दाची कमांड टाइप करायचा आणि बोट उचलायच्या आत यंत्राची कुंडली समोर: मेमरी किती, डिस्क किती भरली, यंत्र किती वेळ चालू आहे. जुनी कमांड दोन सेकंद घ्यायची, तेवढा वेळही याला सोसवत नसे. मग फोनवर "काय खाल्लंस, झोप लागली का" यात जाणारी दहा मिनिटं कुठून सोसणार?

म्हणून परगावी एकट्या राहणाऱ्या ताईच्या कॉम्प्युटरवर त्याने तीच कमांड बसवली. ताई निवृत्त शिक्षिका. सकाळी सातला यंत्र लावून काहीबाही लिहीत बसायची, संध्याकाळी बंद करायची. हा दहाला ऑफिसातून तिच्या यंत्रात डोकावायचा. 'चालू: तीन तास' दिसलं की ताई उठली, बरी आहे. बहिणीची खुशाली एका ओळीत.

"रोज बघतोस ना रे?" ती विचारायची.

"डोळ्यांत तेल घालून."

पुढे याला रात्री तिच्या फायलींच्या प्रती काढून ठेवायची हौस आली. "ताई, यंत्र आता बंद करत जाऊ नकोस," त्याने बजावलं. तिने ऐकलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा. त्या दिवसापासून ती ओळ फक्त यंत्राबद्दल सांगू लागली, ताईबद्दल काहीच नाही, आणि हे वैद्यबुवांच्या ध्यानातही आलं नाही. चार दिवस, अकरा दिवस. आकडा वाढेल तसा हा खूशच होत गेला.

मंगळवारी पहाटे ताई न्हाणीघरात घसरून पडली. त्या दिवशी दहाला याने पाहिलं: चालू, एकोणीस दिवस. बुधवारी वीस. मेमरी भरपूर, डिस्क निम्मी रिकामी. गुरुवारी शेजारणीने दार फोडवलं.

मांडीचं हाड मोडलं होतं. ताई आता चालेल असं वाटत नाही, असं डॉक्टरांनी त्याला बाहेर बोलावून सांगितलं. तो आत येऊन खाटेजवळ बसला. एक फोन, दहा मिनिटांचा, एवढंच करायचं होतं. त्याला स्वतःची शरम वाटली.

ताईचा आवाज पार बसला होता.

"आधी खूप हाका मारल्या," ती म्हणाली. "मग म्हटलं, कशाला घसा फोडायचा? दहा वाजले की तू बघशीलच."

बघितलं होतं त्याने. दोन्ही दिवस, दहाच्या ठोक्याला.