मागच्या सीटवरचा मँगो

मी दोह्याला निघाले त्या दुपारी गाडीत आम्ही चौघं होतो: मी, आई, गाडी चालवणारे पप्पा आणि उशीच्या अभ्र्यात बांधलेली एक धामण.

माझ्या बॅगा ओट्यावर आणल्या आणि नेमकी तेव्हाच ती कोंबड्यांच्या खुराड्यात सापडली. वसईत आमच्या आळीत कुणाकडे साप निघाला की पप्पांना हाक जायची. ते गॅरेजमध्ये मेकॅनिक होते. साप मात्र कधी मारायचे नाहीत, धरून खाडीकडे सोडून यायचे. आईने कपाळाला हात लावला. "आज तरी नको हो! लेक परदेशी चाललीय."

"खाडी वाटेवरच आहे," पप्पा म्हणाले. त्यांनी अभ्र्याचं तोंड पिळलं, दुमडलं आणि एकावर एक दोन गाठी मारल्या. "एक गाठ माणसाला पुरते. सापाला दोन लागतात."

बंधाऱ्यावर गाडी थांबवून त्यांनी धामण सोडली, हात धुतले आणि मला एअरपोर्टवर नेलं. मला राग आला होता. शेवटच्या तासातही माझा बाप माझा नव्हता, सापाचा होता. निरोप द्यायची वेळ आली की काही माणसांच्या हातांना काम लागतं, हे कळायला मला पुढे बरीच वर्षं लागली.

दोह्यात पहिली दोन वर्षं मी मारिसेलबरोबर एका खोलीत राहिले. ती फिलिपिन्सची, हॉस्पिटलात नर्स, आणि मी तिथेच मेडिकल रेकॉर्ड्समध्ये. मला ताप आला तेव्हा तिने रजा घेऊन भाताची पेज करून घातली. टॅक्सीवाल्याशी घासाघीस झाली की "खलास!" म्हणून दार कसं लावायचं, तेही तिनेच शिकवलं. पुढे माझं लग्न झालं, अल्बन इकडे आला, रिया झाली. मारिसेल रियाची गॉडमदर झाली. तिने वेगळा फ्लॅट घेतला आणि एक कॉर्न स्नेक पाळला. केशरी, बिनविषारी, मनगटाएवढाही जाड नाही. नाव मँगो. रिया त्याला हातावर घेऊनच मोठी झाली. इंग्लिश मीडियमची पोर, मराठी कळायची पण उत्तर इंग्लिशमध्ये. पप्पांशी फोनवर तिचं बोलणं म्हणजे "हॅलो आजोबा, आय ॲम फाइन" आणि फोन परत माझ्या हातात.

मागच्या सप्टेंबरमध्ये मारिसेलच्या आईला अर्धांगवायू झाला. मारिसेलला कायमचंच परत जावं लागलं. तिने फक्त एवढंच मागितलं, "मँगोला तुम्ही ठेवा."

तिने सगळं नीट समजावलं. तीन दिवस त्याला खायला घातलं नव्हतं, म्हणजे वाटेत ओकणार नाही. गाडी आधी थंड करायची, पण एसीचा झोत त्याच्यावर नको. आधी अभ्रा, मग भोकं पाडलेला डबा, दोन्ही बाजूंच्या क्लिपा लावायच्या, डब्याला सीटबेल्ट. आणि बंद गाडीत त्याला क्षणभरही सोडायचं नाही. अशा उन्हात पाच मिनिटांतही तो दगावू शकतो. अभ्र्याला गाठ मी मारली. मारिसेलच्या गळ्यात पडून रडत होते, एकच मारली.

अबू हमूरला आमच्या घराजवळ पोचता पोचता मागच्या सीटवरून रियाचा आवाज आला. "मम्मा, बॅग इज एम्प्टी."

तिने सिग्नलला त्याला बघायला झाकण उघडलं होतं आणि एकच क्लिप परत लावली होती. तिची एक चूक, माझी एक. त्याला तेवढी फट पुरली.

साप गाडीत कुठे आहे ते माहीत नाही आणि बाहेर बेचाळीस डिग्री! पेडलखाली आला तर? मी जपून समोरच्या मॉलच्या बेसमेंटमध्ये गाडी घातली, एसी चालू ठेवला आणि पप्पांना व्हिडिओ कॉल लावला. ही मारिसेलची एकुलती एक ठेव होती.

"आधी बस," पप्पा म्हणाले. "सीट हलवू नको, चेंगरेल. शेपटी दिसली तरी ओढायचं नाही. साप पळत नाही गं, बसायला जागा शोधतो. गाडी गार आहे ना? मग त्याला ऊब दे."

तेवढ्यात वॉचमन आले, केस पिकलेले नेपाळी गृहस्थ. "मॅडम, इंजिन बंद करो. गाडी में क्या है?"

"स्नेक," रिया म्हणाली.

ते चार पावलं मागे गेले. मी हात जोडून सगळं सांगितलं, गरम पाणी हवंय म्हटलं. ते निघून गेले. मला वाटलं, आता साहेबाला घेऊन येतील. दहा मिनिटांनी ते करक, म्हणजे इकडच्या कडक दुधाच्या चहाच्या टपरीवरून गरम पाण्याची बाटली घेऊन आले आणि गाडीपासून हातभर लांबूनच ती पुढे केली.

बाटली कोमट होऊ दिली, टॉवेलमध्ये गुंडाळून मागच्या सीटखाली ठेवली. दिवे बंद केले आणि वाट पाहत बसलो. रियाने फोन माझ्या हातातून घेतला. ओठ चावत तिने शब्द जुळवले.

"आजोबा... तो मरेल का? माझ्यामुळे?"

पप्पांनी फोन आणखी जवळ धरला. नातीची मराठी त्यांनी पहिल्यांदाच ऐकली होती. मग म्हणाले, "नाही गं बाय. मी आहे ना. फोन ठेवू नको." आणि त्यांनी तिला खुराड्यातल्या, विहिरीतल्या, कुणाच्या तरी गमबुटातल्या सापांच्या गोष्टी सांगितल्या. एवढं सलग बोलताना मी त्यांना कधीच ऐकलं नव्हतं.

तासाभराने टॉवेल हलला. मी हात घालणार तोच रियाने मला थांबवलं. आजोबांनी सांगितल्याप्रमाणे तिने दोन्ही तळवे खालून दिले आणि मँगोला टॉवेलसकट अलगद उचललं. लांब उभे असलेले वॉचमन एकटेच टाळ्या वाजवत होते.

पुढच्या शुक्रवारी चर्चमधल्या मिसाहून येताना आम्ही त्यांना जेवणाचा डबा नेऊन दिला. मारिसेलला मी सगळं खरं सांगितलं. ती हसत हसत रडली.

आता पप्पांचा फोन दर शुक्रवारी येतो आणि तो माझ्यासाठी नसतो. "मँगो जेवला का?" तिथून जे सुरू होतं ते रियाच्या शाळेपर्यंत जातं. तिची मराठी मोडकी आहे, पण तिची स्वतःची आहे. घरची माणसं तिकडे मागे राहिली आणि आम्ही इकडे आलो, यात काय गमावलं ते मला रोज आठवतं. पण मला इथे जे मिळालं ते कुणी ना कुणी आपल्या हाताने दिलेलं आहे, हे हल्ली जास्त आठवतं.

इतकी वर्षं आमच्याकडे "घरी जायचं" म्हणजे वसईला, यात कधी शंकाच नव्हती. गेल्या महिन्यात रियाने फोनवर विचारलं, "आजोबा, तुम्ही घरी कधी येणार?"

मी भाजी चिरायची थांबले. आयुष्यात पप्पा विमानात बसलेले नाहीत.

"पासपोर्ट काढायला टाकतो," ते म्हणाले.